२३२ दात आणि १८ महिने

१/२१
आजचा धागा एका जबड्याचा. जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या भायखळ्यातील सर जे. जे. रुग्णालयात एका १७ वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया झाली. मुलगा बुलढाणा जिल्ह्यातला. सिंदखेडराजा आणि लोणार ज्या जिल्ह्यात आहेत, तिथला. त्याचा खालचा जबडा उजवीकडे सुजला होता. सुमारे सात तास काम चालले. आतला टणक गोळा फोडायला छिन्नी-हातोडी वापरावी लागली आणि मोत्यांसारखे बारीक पांढरे दात एकामागून एक बाहेर येऊ लागले. मोजदाद २३२ वर थांबली. #इतिहासाचाधागा

२/२१
दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार अतिशय दुर्मीळ, किंबहुना विश्वविक्रमी असल्याचे सांगितले. दोन-तीन दिवसांत तो आकडा जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचला. त्याच बातम्यांत आणखी एक आकडा होता : १८. मुलगा अठरा महिने त्रास सोसत होता. गावाकडच्या डॉक्टरांना कारण उमगले नव्हते. कर्करोग तर नसेल, या धास्तीने वडील त्याला मुंबईला घेऊन आले होते. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. या घटनेतला इतिहास शोधायचा असेल, तर तो १८ या आकड्यात शोधावा लागेल.

३/२१
आधी त्या विकाराची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ओडोन्टोमा. दात घडवणाऱ्या पेशींची ही एक निरुपद्रवी गाठ. कर्करोगाशी तिचा संबंध नाही. मूल गर्भात साधारण सहा आठवड्यांचे असतानाच जबड्यात दातांची पूर्वतयारी सुरू होते. पेशींचा एक पट्टा तयार होतो, त्याला कळ्या फुटतात आणि एकेका कळीपासून एकेक दात घडतो. काही पेशी बाहेरचे कठीण कवच रचतात, काही आतला गाभा. ओडोन्टोमात हे सगळे कारागीर हजर असतात, साहित्यही अस्सल असते; बिघडलेली असते ती मांडणी.

४/२१
या बिघाडाचे दोन प्रकार. एकात कवच आणि गाभा यांचा नुसता आकारहीन गोळा होतो. दुसऱ्यात दातांसारखे दिसणारे बारीक दाणे एका पिशवीत दाटीवाटीने भरलेले असतात. पॉल ब्रोका हे नाव तुम्ही मेंदू आणि वाणी यांच्या संदर्भात वाचले असेल. दातांच्या गाठींना ‘ओडोन्टोम’ हे नाव त्यांनीच १८६० च्या दशकात दिले. आणि एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. ओडोन्टोमा स्वतः फारसा दुर्मीळ नाही. दंतवैद्यांना तो अधूनमधून भेटतो. दुर्मीळ असते ती शेकड्यांनी मोजावी लागणारी संख्या.

५/२१
तो नवीनही नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी टांझानियात सापडलेल्या एका जीवाश्माच्या जबड्याचे पातळ काप घेतले. प्राणी गॉर्गोनॉप्सियन कुळातला, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजांचा नातलग. त्याच्या सुळ्याच्या मुळाशी बारीक दातांचा एक पुंजका होता. जबड्याचे वय सुमारे साडेपंचवीस कोटी वर्षे. हा शोध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डायनोसॉर अवतरण्याआधीपासून जी गाठ जबड्यांत होत आली आहे, तिला ‘निसर्गाचा अजब खेळ’ म्हणून आपण किती काळ थक्क होत राहणार?

६/२१
माणसाने मात्र मुलांच्या वेगळ्या दातांकडे शांतपणे क्वचितच पाहिले. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की काही मुले दातांसह जन्मतात. मानियस क्युरियस हा त्यांपैकी एक. त्याला ‘डेंटाटस’, म्हणजे दातवाला, हे उपनाम मिळाले, आणि पुढे पिऱ्हस राजाला इटलीतून परतवणारा सेनानी म्हणून ते अभिमानाने घेतले गेले. पण व्हॅलेरिया नावाची मुलगी अशीच जन्मली, तेव्हा शकुन पाहणाऱ्यांनी सांगितले : ही जिथे जाईल त्या नगराचा नाश होईल. तिला सुएसा पोमेशिया या दुसऱ्या नगरात धाडण्यात आले.

७/२१
दात सारखेच, मुलाच्या वाट्याला बिरुद आले, मुलीच्या वाट्याला हद्दपारी. कितीतरी शतकांनंतर, सप्टेंबर १६३८ मध्ये, फ्रान्सचा चौदावा लुई दोन दातांसह जन्मला. शिवरायांहून तो आठ वर्षांनी लहान. त्या वेळी पॅरिसमध्ये स्वीडनचा राजदूत असलेला प्रख्यात कायदेपंडित ग्रोशियस याने त्या दातांवरून फ्रान्सच्या शेजाऱ्यांना सावध राहण्याचा इशारा दिल्याचे सांगतात. राजपुत्राचा दात म्हणजे पराक्रमाची खूण! आज आपल्याला ठाऊक आहे, की साधारण दोन-तीन हजार जन्मांत एखादे बाळ असे असते, आणि बहुतेक वेळा ते दात म्हणजे लवकर उगवलेले नेहमीचेच दुधाचे दात असतात.

८/२१
आपल्याकडे काय होते? काश्यपसंहिता हा बालकांच्या आरोग्यावरचा प्राचीन ग्रंथ. नेपाळमधल्या एका खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये छापला गेला. त्यात दातांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि उरलेले दोनदा, म्हणून ते ‘द्विज’, असे तो सांगतो. आजच्या मोजणीने एकदाच उगवणाऱ्या दाढा बारा भरतात. तरीही दातांचे असे दोन वर्ग आहेत, हे मुलांच्या तोंडात डोकावून केलेले निरीक्षण आहे. त्याच अध्यायात दातांसह जन्म किंवा वरचे दात आधी येणे अशुभ मानले आहे.

९/२१
ही धारणा पोथीतच राहिली नाही. वरचे दात आधी आले की ‘मामाला जड’, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही ऐकू येते. हसत का होईना, पण येते. तिची टर उडवणे सोपे आहे. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. दात बाळाचा, पण चिंता मामाची. रोममध्येही दात मुलीचा आणि चिंता नगराची होती. शकुन आला की ज्याच्या तोंडात तो दात आहे, ते लेकरू चर्चेतून बाहेर पडते. त्याला दूध ओढता येते का, त्याची हिरडी दुखते का, हे विचारायचे राहून जाते.

१०/२१
आता युरोपातल्या एका गाजलेल्या दाताची गोष्ट. १५९३ मध्ये सायलेशिया प्रांतात बातमी पसरली, की सात वर्षांच्या एका मुलाला सोन्याची दाढ आली आहे. हेल्मश्टेट विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक याकोब होर्स्ट यांनी १५९५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मुलाच्या जन्मवेळची ग्रहस्थिती हे त्या दाढेचे कारण असल्याचे त्यांनी सांगितले, आणि तुर्कांशी चाललेल्या झगड्यात ख्रिस्ती जगाला मिळणाऱ्या यशाची ती नांदी असल्याचेही. दुसऱ्या विद्वानांनी खंडन केले, तिसऱ्यांनी खंडनाचे खंडन. ग्रंथांवर ग्रंथ निघाले.

११/२१
अखेर नीट पाहिल्यावर कळले, की साध्या दाढेवर सोन्याचा पातळ पत्रा कौशल्याने बसवला होता. पुढे १६८० च्या दशकात फ्रेंच लेखक फोंतनेल याने या प्रकरणातून एक धडा काढला : कारण शोधण्याआधी घटना खरी आहे का, ते पाहा. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा धडा गिरवावा. पण त्यापुढचा एक प्रश्न फोंतनेलनेही विचारला नाही. तो पत्रा त्या लहान मुलाच्या दाढेवर कोणी आणि कशासाठी बसवला, आणि एवढ्या विद्वानांना तोंड उघडून दाखवताना त्या मुलाचे काय होत होते?

१२/२१
जबड्याच्या आत पाहण्याची सोय तेव्हा नव्हती, हे मान्य. ती १८९५ मध्ये रोंटगेन यांना क्ष-किरण सापडल्यावर आली. पुढच्याच जानेवारीत जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले; त्यासाठी ते सुमारे पंचवीस मिनिटे निश्चल राहिले. तेव्हापासून हिरडीखाली अडलेला दात, जास्तीचा दात किंवा दातांची गाठ यांत गूढ असे उरायला नको होते. ओडोन्टोमा क्ष-किरण चित्रात ठळक पांढरा दिसतो. ज्या कोड्यासाठी पूर्वी ज्योतिषी लागत, त्यासाठी आता एक चित्र पुरते.

१३/२१
आणि तरीही २०१४ मध्ये अठरा महिने गेले. या ठिकाणी मला शकुन आणि विक्रम ही एकाच घराण्यातली भावंडे वाटतात. शकुनाने मुलाचे चिन्ह केले, विक्रमाने त्याचा आकडा केला. दोन्ही वेळा पाहणाऱ्याचे कुतूहल भागते आणि प्रश्न संपतो. वृत्तपत्रांनी त्या मुलाचे नाव आणि छायाचित्र जगभर छापले. तो तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता. या धाग्यात त्याचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. त्याने काही पराक्रम गाजवला नव्हता. त्याने दुखणे सोसले होते.

१४/२१
अठरा महिने म्हणजे काय, याचा हिशेब मांडू. जुलै २०१४ पासून मागे गेलो, की आपण २०१३ च्या आरंभी पोहोचतो. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१३ मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ झाला, आणि तो झाला महाराष्ट्रातच, पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन तपासणी करायची, तीस प्रकारच्या आजारांचा आणि व्यंगांचा वेळीच शोध घ्यायचा, ही त्याची योजना. त्या तिसांच्या यादीत दातांचे विकारही आहेत.

१५/२१
हा धागा मी पेणकरपाड्यातून लिहितो आहे. मीरा-भाईंदरच्या दक्षिण टोकाची, दहिसरच्या नाक्याजवळची ही वस्ती. इथला महामार्ग एकीकडे मुंबईत शिरतो आणि दुसरीकडे पालघर जिल्ह्यातून गुजरातकडे जातो. पालघरला तो कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पालघर आणि आम्ही एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. वेगळा पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे त्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही दिवसांनी. इथल्या मुलाचा जबडा सुजला, तर सकाळी निघून दुपारच्या आत जे. जे. गाठता येते. बुलढाण्याहून तेच अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक आहे.

१६/२१
हा मेळ मी कोणा एकावर ठपका ठेवण्यासाठी मांडत नाही. कागदावरची योजना आणि गावातला जबडा यांच्यामध्ये कोणकोणत्या पायऱ्या असतात, ते दिसावे, म्हणून मांडतो. शाळेत आलेल्या पथकाने तोंड उघडायला लावले पाहिजे. किडलेल्या दातांपलीकडे चेहऱ्याची एक बाजू फुगली आहे का, वय झाले तरी कायमचा दात आलेला नाही का, हेही पाहिले पाहिजे. मग जिल्ह्याच्या ठिकाणी संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र निघाले पाहिजे. यातली एक पायरी निखळली, की वडिलांना गाडी पकडून मुंबईला यावे लागते.

१७/२१
आता इनामगावकडे वळू, कारण मुलांचे दात नीट वाचता येतात, याचा उत्तम पुरावा तिथे आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी वसलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे तुम्हांला परिचित आहेतच. तिथे लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरत. त्या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन संशोधक जॉन लुकाक्स यांनी केला.

१८/२१
दुधाच्या सुळ्यांवर काही वेळा कवचाची एक लहानशी खळी आढळते. दाताचे कवच एकदा तयार झाले, की पुन्हा घडत नाही. म्हणून जन्माच्या आसपास बाळाच्या जबड्यावर आलेला ताण त्या खळीत कायमचा नोंदला जातो. संशोधकांनी अशा खळ्या मोजून त्या गावातले पोषण, शेती आणि हवामान यांच्याशी ताडून पाहिल्या. तीन हजार वर्षांपूर्वी दगावलेल्या बालकांचे दात भिंगाखाली इतक्या आस्थेने वाचले गेले. तेवढीच आस्था जिवंत मुलाच्या सुजलेल्या गालाला मिळावी, ही मागणी मोठी आहे का?

१९/२१
यावर एक रास्त आक्षेप येईल : २३२ हा आकडा नसता, तर ही घटना कोणाला कळलीच नसती. खरे आहे. आश्चर्य वाचकाला दारापर्यंत आणते; आपले धागेही त्याच बळावर चालतात. २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात काढल्याची बातमी आली. ‘जुना विक्रम मोडला’, असे किती जणांनी लिहिले! मुलगा तीन वर्षांचा असतानाच पालकांना सूज दिसली होती, ही ओळ बातमीच्या तळाशी होती. एवढ्या लहान मुलाची तपासणी तेव्हा जमली नाही. म्हणजे पुन्हा काही वर्षे.

२०/२१
म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली घरासाठी. दुधाचा दात पडायचे वय उलटूनही पडत नसेल. एका बाजूचा कायमचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा आला नसेल. जबड्यावर न दुखणारी टणक सूज दिसत असेल. तर दंतवैद्याकडे जाऊन क्ष-किरण चित्राबद्दल विचारा. ओडोन्टोमा बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकात, न आलेल्या दाताचा शोध घेतानाच सापडतो. गाठ काढली की ती सहसा परत होत नाही. लवकर सापडली तर शस्त्रक्रिया लहान होते आणि अडलेला दात वाचण्याची शक्यता वाढते. धाकट्या भावंडांच्या तोंडात तुम्हीही डोकावू शकता.

२१/२१
दुसरी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे इतिहास लिहिणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्यांसाठी. एखाद्या ‘अद्भुत’ बालकाची गोष्ट हाती आली, की तीन प्रश्न विचारू. घटना खरी आहे का? त्या मुलाने किती काळ वाट पाहिली? आणि ती वाट कशामुळे लांबली? पहिला प्रश्न फोंतनेलने शिकवला. उरलेले दोन आपण विचारायचे आहेत. व्हॅलेरियाची बाजू कोणी लिहून ठेवली नाही. बुलढाण्याच्या मुलाची निदान एक ओळ बातमीत उरली आहे. हा धागा पुढे पाठवताना २३२ च्या सोबत १८ हा आकडाही पाठवा. #समाप्त